लोकर चाकात गेली नव्हती

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: महामाया नरसिंग गजभारे, वय वर्षे ६३, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तरोडा बुद्रुक, नांदेड.

मी, वर नाव लिहिलेली महामाया, हा कागद स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चष्मा लावला की नजर ठीक आहे, आणि हात अजून सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवतात. डॉक्टर मुबश्शिरा यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. वकीलसाहेब एवढेच म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, गाऱ्हाणी नाही." मी म्हणाले, "माझी मालमत्ता दीड पानात संपते. उरलेली पानं कोरी सोडू का?" तेव्हापासून ते मी सांगते तसे लिहून घेत आहेत.

माझे पती कालकथित नरसिंग धोंडिबा गजभारे हे पाटबंधारे खात्यात लिपिक होते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. हयातीत मी त्यांचे नाव कधी तोंडाने घेतले नाही. कायद्याच्या कागदावर 'अहो' चालत नाही म्हणून यापुढे नाव घेते. आम्हाला दोन मुले आहेत. थोरला अमरनाथ, पुण्यात बँकेत अधिकारी. धाकटी बुद्धप्रिया, लोहा तालुक्यात तलाठी.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे.

कलम १. घर

तरोड्यातील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची पडवी एवढे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. लोह्याच्या शाळेत एकोणतीस वर्षे शिकवले, त्यातून ते उभे राहिले. माझ्या पश्चात ते बुद्धप्रियाचे.

दारावर 'नरसिंग गजभारे' अशी पितळी पाटी आहे. ती काढू नये. मात्र तिच्याखाली माझ्या नावाची पाटी लावावी, तेवढ्याच आकाराची. ती मी वजिराबादेतून करून आणली आहे, कपाटात वरच्या फळीवर आहे. हयातीत लावली असती तर गल्लीत हसू झाले असते.

कलम २. बुलेट

साडेतीनशे सीसीची काळी बुलेट, १९९१ची, नोंदणीचे नूतनीकरण केलेली. हीसुद्धा माझ्याच नावावर आहे. हे वाचून क्लबाच्या लोकांना नवल वाटेल, म्हणून आरसीबुकाची प्रत जोडली आहे. गाडी माझ्या पगारातून आली. नरसिंग यांनी ती चालवली आणि मी मागे बसले.

मागे बसून मी काय करत होते ते लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम कोणाला कळणार नाही.

१९९२च्या मे महिन्यात आम्ही नांदेडहून नागपूरला गेलो. तो पहिला लांबचा प्रवास. दिवसभर कोणाची तरी पाठ पाहत बसायचे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले. पुढच्या प्रवासाला मी सुया आणि लोकर घेतली. पहिल्याच खड्ड्यात एक सुई निसटून रस्त्यावर पडली आणि साठ टाके सुटले. नरसिंग यांनी गाडी थांबवली नाही.

देगलूर नाक्यावर जिलानी यांचे गॅरेज आहे, आमची गाडी कायम तिथेच जायची. गॅरेजच्या मागेच घर, आणि घरात त्यांच्या बायको हाजराबी. गाडीचे काम होईपर्यंत मी त्यांच्याकडे बसायची. माझी रड ऐकून हाजराबी हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, दोन सुयांवर शंभर टाके उघडे राहतात. एक धक्का बसला की गेले सगळे. करोशिया शिका. त्यात एकच टाका उघडा असतोय. गाडी उलटी झाली तरी एकच जाईल." त्यांनी मला क्रोशाची सुई हातात दिली आणि महिनाभरात साखळी, खांब, जाळी, सगळे शिकवले.

तेव्हापासून मी प्रवासाप्रमाणे काम ठरवू लागले. सरळ सपाट रस्ता असेल तर क्रोशाचे चौकोन, कारण ते तळहाताएवढ्या जागेत होतात. घाट असेल तर काहीच नाही. मोजणी लागेल अशी नक्षी गाडीवर घ्यायची नाही, ती मुक्कामाला. दोन सुयांचे काम चहाच्या थांब्याला आणि रेल्वे फाटकाला. गुंडा कधीही मोकळा सोडायचा नाही. तो झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये सीटच्या पट्ट्याखाली. झाकणाला भोक, त्यातून एकच धागा वर. ट्रक, ट्रॅक्टर किंवा गाव दिसले की सुई बंद, धागा आत, झिप वर. हे नियम मी पंचवीस वर्षांत एकदाही मोडले नाहीत. शाळेतल्या मुलांनाही मी इतकी कडक नव्हते.

नांदेडात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो आणि ही बाई स्वेटर विणते, म्हणून लोक हसत. मी ते नांदेडसाठी विणत नव्हते. कन्याकुमारी, लेह, स्पिती, भूतानची सीमा इथपर्यंत जाऊन आलो. टोप्या, मोजे, मफलर वाटेत तयार व्हायचे आणि वाटेतच द्यायचे. ढाब्यावर भांडी घासणारी बाई, बर्फात डांबर टाकणाऱ्या बिहारच्या बायका, रात्रपाळीचे चौकीदार. घरी परत येताना माझी पिशवी रिकामी असायची. ते वजन मला आवडायचे.

सदर बुलेट मी जिलानी यांना देत आहे. त्यांनी ती विकावी, चालवावी, सुटे भाग करावेत, त्यांची मर्जी. फक्त कोणत्याही क्लबाला काचेत ठेवायला देऊ नये.

कलम ३. गोदाकाठ रायडर्स क्लब

नरसिंग हे या क्लबाचे संस्थापक सदस्य. 'तीस वर्षांत एकदाही न पडलेला माणूस' म्हणून त्यांचा दोनदा सत्कार झाला. मिळालेल्या नऊ ढाली भिंतीवर आहेत. त्या क्लबाने उतरवून न्याव्यात, खिळ्यांसकट.

क्लबाच्या २००९च्या कॅलेंडरवर खारदुंग ला येथील फोटो छापला होता. नरसिंग, बुलेट, मागे बर्फ. फोटोत मीही होते. मला कापले, पण नीट कापता आले नाही. डाव्या कडेला एक हात राहिला आहे आणि त्या हातात क्रोशाची सुई आहे. कॅलेंडर घरोघर वर्षभर लागले. "हा हात कोणाचा?" असे मला एकाही माणसाने विचारले नाही. अख्खा फोटो मी मोठा करून घेतला आहे. तो क्लबाला देत आहे. लावला नाही तरी चालेल, पण द्यायचा आहे.

कलम ४. २२ जानेवारी २०१७ रोजी काय झाले

वकीलसाहेब, हे कलम जसेच्या तसे ठेवावे.

रविवार होता. क्लबाच्या सात गाड्या बिदरला गेल्या होत्या. परतताना सहा गाड्या उदगीरवरून नांदेडला गेल्या. आम्ही एकटेच निलंग्यावरून लातूरला निघालो, कारण अमरनाथ तेव्हा लातूरच्या शाखेत होता आणि त्याच्याकडे मुक्काम होता. दुपारी निलंग्याला बसस्टँडसमोर चहा घेतला. उसाचा हंगाम, रस्ताभर ट्रॅक्टर. म्हणून मी तिथेच पिवळ्या लोकरीचा चौकोन पुरा केला, धागा तोडला, सगळे पिशवीत टाकले आणि झिप लावली. पुढच्या चाळीस किलोमीटरमध्ये मी विणकाम हातात घेणार नव्हते आणि घेतले नाही.

गाव सुटल्यावर चार-पाच किलोमीटरवर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागला. नरसिंग यांनी खिशातून मोबाईल काढला. क्लबाच्या ग्रुपवर सकाळपासून सगळे व्हिडिओ टाकत होते आणि त्यांचा एकही गेला नव्हता.

मी म्हणाले, "अहो, ठेवा तो मोबाईल."

ते म्हणाले, "दोन मिन्टं. गप बस."

डाव्या हातात मोबाईल, उजव्या हातात गाडी, अशी त्यांनी गाडी ट्रॅक्टरच्या पुढे काढायला घेतली. पुढची ट्रॉली खड्ड्यात गेली, मागची आमच्या अंगावर झुलली. एका हाताने ब्रेक दाबला, खाली खडी होती. गाडी डावीकडे आडवी झाली. मागच्या ट्रॉलीचे चाक त्यांच्या डाव्या पायावरून आणि मोबाईलवरून गेले. मी उजवीकडे उडून उसाच्या पाचटात पडले. गळ्याजवळचे हाड मोडले.

पिशवी फाटली होती. डबा उघडून चार गुंडे रस्त्यावर पसरले. ऊसतोडीचे लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसले असेल? रस्ताभर पिवळी लोकर, आणि मधोमध गाडी.

लातूरच्या दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या, मध्ये हिरवा पडदा. जबाब घ्यायला हवालदार आले. पडद्याच्या पलीकडून मला नरसिंग यांचा आवाज ऐकू आला.

"गाडी बरोबर चालवून राहिलो होतो साहेब. हिची लोकर गेली चाकात."

मग हवालदार पडदा सारून माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही गाडीवर लोकर विणता का?"

मी विणत होते. पंचवीस वर्षे विणत होते. मी "हो" म्हणाले. त्यांनी 'त्या वेळी' असे विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पलीकडे ज्या माणसाचा पाय उद्या कापणार होते, त्याला खोटे पाडायला माझी जीभ वळली नाही. या सगळ्यात माझी चूक तेवढी आहे. ती मी कबूल करते. दुसरी कोणतीही नाही.

गाडी नांदेडला जिलानी यांच्याकडे आली. महिन्याने मी गळ्यात हात अडकवून तिथे गेले. जिलानी हात पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "भाभी, लोकर चाकात गेली असती ना, तर पार एक्सलपर्यंत गुंडाळून बसली असती. मला कापून काढावी लागली असती. चेनला एक तार न्हाई. वरच्या वर दोन-चार धागे चिकटलेत, ते पडल्यावर लागलेत. मी साहेबांच्या भावाला बोललो, ते ऐकून घेईनात."

मी म्हणाले, "तुम्ही कुणाला काही सांगू नका." त्यांनी सांगितले नाही. ते आजही हयात आहेत आणि हे शपथेवर सांगायला तयार आहेत.

नरसिंग यांना मी एकदाच विचारले. तिसरा महिना होता, मी त्यांची पट्टी बदलत होते.

"लोकरीचं का सांगितलंत?"

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "तीस वर्षं एकदा पडलो न्हाई मी, माया. मोबाईलच्या नादात पडला म्हणले असते लोकं."

"आणि मला म्हणतायत ते?"

"तुला काय. तुला कोण वळखतंय."

त्यानंतर सहा वर्षे मी त्यांचे सगळे केले. जयपूर फूट बसवला, पण बाजारातल्या मोज्याची शिवण खुंटाला घासून फोड यायचे. म्हणून मी बिनशिवणीचे मोजे विणले, उन्हाळ्यात सुती, थंडीत मऊ लोकरीचे. दर दोन महिन्यांनी नवे, कारण पाय बारीक होत गेला. कोणी पाहुणा आला आणि "मोजा छान आहे" म्हणाला, तर नरसिंग सांगायचे, "हैदराबादहून मागवतो." मी चहा घेऊन दारात उभी असायची.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून होते. त्यांना बोलता येत होते. मी वाट पाहिली. त्यांनी पाणी मागितले, पंखा कमी करायला सांगितला, मोजा बदलायला सांगितला.

कलम ५. अमरनाथ

(हे कलम पुढे कलम ९ अन्वये बदलले आहे. म. न. ग.)

मुरुड हे माझे माहेर. तिथे बाजाराच्या रस्त्याला माझ्या वडिलांनी मला दिलेला प्लॉट आहे. तो अमरनाथचा.

नरसिंग यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अमरनाथ बोलायला उभा राहिला होता. मंडपात तीनशे माणसे होती. वडिलांबद्दल तो चांगलेच बोलला. शेवटी म्हणाला, "आईच्या हातून चूक झाली आणि बाबांचा पाय गेला. पण बाबांनी आईला कधी बोल लावला नाही. मोठ्या मनानं माफ केलं." मंडपातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घालून बसले होते आणि सगळ्यांना वाटले, मी रडते आहे.

त्याचा मला राग नाही. बापाने सांगितले, पोराने मानले. त्याला खरे माहीत असते तर तो असे बोलला नसता. म्हणून प्लॉट त्याचाच. त्याने फक्त कलम ४ एकदा शांतपणे वाचावे.

आणि इथेच लिहून ठेवते: मी नरसिंग यांना माफ केले, असे माझ्या पश्चात कोणीही बोलू नये. मी केलेले नाही.

कलम ६. व्यंकटराव

व्यंकटराव हे नरसिंग यांचे धाकटे भाऊ. अपघातानंतर पंधरा दिवसांनी ते आमच्या घरी आले. नरसिंग दवाखान्यातच होते, मला घरी सोडले होते, हात गळ्यात. त्यांनी माझ्या दोन्ही पेट्या अंगणात आणल्या आणि लोकर, सुया, अर्धे विणलेले कपडे, सगळ्यावर रॉकेल ओतले. "ह्या अवदसेनं माझ्या भावाचा पाय खाल्ला," असे म्हणून काडी लावली. लोकर लवकर पेटत नाही. आधी आकसून काळी पडते आणि घाण वास येतो. ते तासभर काठीने ढोसत उभे होते. भिंतीवरून गल्ली बघत होती.

व्यंकटराव यांना मी काही देत नाही. त्यांनी न्यायचे ते नेले आहे. माझ्या अंत्ययात्रेला यायचे असेल तर मागे चालावे.

बुद्धप्रिया त्या दिवशी ओट्यावर उभी होती. तिने काकांना अडवले नाही, हेही लिहिते, कारण लेकीसाठी वेगळा कागद नाही. पण आठ दिवसांनी ती डबा घेऊन आली, तेव्हा भाकरीच्या फडक्यात एक क्रोशाची सुई गुंडाळलेली होती. घर तिला दिले ते त्या सुईमुळे नव्हे, लेक म्हणूनच दिले. पण सुई मी विसरले नाही.

कलम ७. हाजराबी, आणि शेवटची अडीच वर्षे

नरसिंग गेल्यावर अमरनाथने बुलेटचा सौदा क्लबाच्या एका सदस्याशी परस्पर ठरवला होता. तो सदस्य गाडी न्यायला आला तेव्हा मी आरसीबुक दाखवले आणि त्याला चहा पाजून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी जिलानींकडे गेले. मी म्हणाले, "मला शिकवा."

"भाभी, किक लई जड हाय तिची."

"जड असायला काय, मी सहा वर्षं माणूस उचललाय."

हाजराबी आतून म्हणाल्या, "शिकवा की. पडली तर पडली. निदान स्वतःच्या हातानं पडंल."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी लोहा रोडला बुलेट शिकले. जिलानींनी सीट दोन बोटे खाली घेतली. किक मारायच्या आधी दिव्यावरच्या अँपिअर मीटरचा काटा कुठे आणायचा, हे कळायलाच मला आठवडा गेला. दोनदा पडले. मोबाईल घरी होता.

स्वतः चालवताना विणता येत नाही, हे उघड आहे. म्हणून सगळे पुन्हा बसवावे लागले. आता दर चाळीसेक किलोमीटरला थांबा, आणि थांब्याला एक चौकोन, चहा संपेपर्यंत. लोहा, अहमदपूर, लातूर, मुरुड, असे चार चौकोन. हंपीला जाऊन आले त्यात एकवीस झाले. मुक्कामाला ते जोडायचे. आधी मी दुसऱ्याच्या पाठीमागे बसून विणायची आणि रस्ता मला कडेकडेचा तेवढा दिसायचा. आता विणताना रस्ता दिसत नाही, पण चालवताना अख्खा दिसतो. ही अडीच वर्षे बरी गेली. माझ्या आयुष्यात 'बरी' या शब्दाच्या वर जाणारी वर्षे फारशी नाहीत, आणि ही साठीनंतर आली याचा मला आनंद नाही, संताप आहे.

सध्या घरात आहे ती सगळी लोकर, सुया, झाकणाला भोक असलेले तीन डबे आणि जोडून झालेल्या सहा गोधड्या हाजराबींना द्याव्यात. त्यांनी गोधड्या वापराव्यात, जपून ठेवू नयेत.

कलम ८. बाकीचे

बँकेतील ठेव दोन्ही नातवंडांना समान. अंगावरचे दागिने बुद्धप्रियाला. पुस्तके लोह्याच्या शाळेला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. मंडप घालू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या शाळेतील सहकारी महानंदा सोनकांबळे यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

कलम ९. (स्वहस्ते लिहिलेले)

वरील आठ कलमे टंकलिखित होऊन आली ती गुरुवारी. मला वाटले, अमरनाथने हे माझ्या मरणानंतर कचेरीत वाचण्यापेक्षा माझ्यासमोर ऐकावे. म्हणून त्याला बोलावून घेतले. आज, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, तो पुण्याहून आला. सकाळी अकराला मी त्याला पडवीत बसवून कलम ४ वाचून दाखवले. मधे थांबले नाही.

वाचून झाल्यावर तो खाली बघत होता. मला वाटले, त्याला धक्का बसला. मी म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, म्हणून माझा राग नाही."

तो म्हणाला, "आई, मला माहीत होतं."

मी विचारले, "काय माहीत होतं?"

"मोबाईलचं. बाबांनी सांगितलं होतं मला. लातूरलाच, ऑपरेशनच्या आधी. म्हणले, कुणाला बोलू नको. प्रियाला माहीत न्हाई. मलाच."

"आठ-नऊ वर्षं माहीत होतं?"

"हाव."

"आणि मंडपात?"

तो म्हणाला, "लोकांसमोर बाबांचं नाव... आता तू समजून घे ना. तू तर नेहमी समजून घेतेस."

जेवायची वेळ झाली होती. त्याला ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. त्याने भाजी दोनदा मागून घेतली.

कलम ५ मध्ये मी प्लॉट देण्याचे कारण लिहिले होते, की त्याला खरे माहीत नव्हते. ते कारण आता राहिले नाही. सबब मुरुडचा प्लॉट अमरनाथला देण्याबाबतचा मजकूर मी रद्द करत आहे. सदर प्लॉट बुद्धप्रियाचा. अमरनाथला या मृत्युपत्राची एक नक्कल द्यावी. तेवढाच त्याचा हिस्सा.

चार वाजता तो निघाला. चप्पल घालून दारात थांबला आणि म्हणाला, "आई, हे रजिस्टर नको करूस. घरातलं घरात राहू दे."

मी त्याला नीट जा म्हणाले. दुय्यम निबंधक कार्यालयात मंगळवारी सकाळी साडेअकराची वेळ मी घेतलेली आहे, आणि मी तिथे स्वतः गाडी चालवत जाणार आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे व काही माझ्या हातचा आहे. खाडाखोडीवर माझी आद्याक्षरे आहेत. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली, आणि माझ्या समक्ष त्यांनी.

सही: महामाया नरसिंग गजभारे

साक्षीदार
१. नागुबाई अमृता हणमंते, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, लोहा
२. मुज्तबा मोहसीन देशमुख, औषधविक्रेते, वजिराबाद, नांदेड

स्थळ: नांदेड
दिनांक: मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५